प्रभागाचा नागरिक सर्व्हे: प्रश्न काढण्यापासून बजेटमध्ये तरतूद पडेपर्यंत

दरवर्षी आयुक्त बजेट मांडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात पानभर बातमी येते आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर सुरू होतं, आपल्या भागाला काय मिळालं? तर काही नाही, त्याच चौकाचं सुशोभीकरण आणि तीच बाकडी. पण बजेट मांडून झाल्यावर बोंब मारून उपयोग नसतो, कारण खात्यांनी आपापल्या मागण्या त्याच्या तीन-चार महिने आधीच वर पाठवलेल्या असतात. तेव्हा आपल्याकडे आकडे असतील तर ते त्या मागण्यांत शिरतात, नसतील तर ज्याचा आवाज मोठा त्याचं काम होतं.

हा लेख त्या आकड्यांबद्दल आहे, म्हणजे प्रभागात नागरिकांचा सर्व्हे कसा करायचा आणि तो बजेटपर्यंत कसा न्यायचा. उदाहरणं पुण्याची देतोय कारण इथली पद्धत मला माहितीये, पण नाशिक, ठाणे, कोल्हापूर कुठलीही महापालिका असो, नावं थोडी बदलतील, काम तेच.

आपल्याकडे हे नवीन नाही बरं का. बंगळुरूत सॅम्युअल पॉल यांच्या पब्लिक अफेअर्स सेंटरने १९९४ मध्ये नागरिकांकडून पाणी, वीज, महापालिका, टेलिफोन अशा खात्यांना मार्क द्यायला लावले, ते जाहीर केले, आणि १९९९ आणि २००३ मध्ये पुन्हा तसाच सर्व्हे केला, त्यामुळे कोण सुधारलं कोण नाही हे उघड दिसलं. मुंबईत प्रजा फाउंडेशन घरोघरी सर्व्हे करून घेतं आणि नगरसेवकांच्या प्रगतिपुस्तकात तो वापरतं. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी बजेटला कामं सुचवायची सोय आहे. केंद्राच्या ईझ ऑफ लिव्हिंगमध्ये, म्हणजे कुठलं शहर राहायला किती चांगलं या क्रमवारीत, २०२० ला नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन होतं आणि पुणे त्यात दहा लाखांवरच्या शहरांत दुसरं आलं, पण तो आकडा अख्ख्या शहराचा, त्यावरून तुमच्या गल्लीतला फुटपाथ होत नाही. गल्लीसाठी गल्लीतलाच सर्व्हे लागतो.

आधी बजेट वाचा, मग प्रश्न काढा

बहुतेक लोक उलटं करतात. गूगल फॉर्म उघडतात, मनाला येतील ते प्रश्न टाकतात, सातशे लोक भरतात आणि मग कळतं की निम्मी उत्तरं महापालिकेच्या हातातलीच नाहीत. सिग्नलची वेळ ट्रॅफिक पोलिसांकडे, लाइट गेली तर महावितरण, बस वेळेवर येत नाही ते पीएमपीएमएल. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या, म्हणजे भागातल्या वॉर्ड ऑफिसच्या, सहायक आयुक्तांनी त्यात काय करायचं?

म्हणून पहिलं काम, महापालिकेच्या वेबसाइटवरून अंदाजपत्रकाची पीडीएफ उतरवा. जाडजूड असते, घाबरू नका, सगळी वाचायची नाहीये. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाची पानं आणि पथ, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा, उद्यान, विद्युत या खात्यांची पानं बघा. तीन रकाने महत्त्वाचे, मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च किती झाला, चालू वर्षाची तरतूद किती, पुढच्या वर्षी किती धरलेत. जिथे तरतूद भरपूर आणि प्रत्यक्ष खर्च फुटकळ, तिथे पैसे नाहीत हे उत्तर कुणी देऊ शकत नाही, ती जागा पेनने गोल करून ठेवा.

मग तीन ढीग करा. एक, क्षेत्रीय कार्यालयाच्या पातळीवर होणारी कामं: फुटपाथची दुरुस्ती, ड्रेनेजची झाकणं, स्वच्छतागृहाची डागडुजी, झाडलोट. दोन, मुख्य खात्याकडून होणारी, म्हणजे नवीन पाण्याची लाइन, पावसाळी गटार, मोठा रस्ता. तीन, महापालिकेची नसलेली. प्रश्न फक्त पहिल्या दोन ढिगांवर काढायचे. तिसऱ्यावर लोक बोलणारच, ते शेवटी एका मोकळ्या जागेत लिहून घ्या आणि ज्याचं त्याला पाठवून द्या.

महसुली आणि भांडवली हा फरक पण इथेच समजून घ्या. झाडू मारायला माणसं कमी आहेत हा महसुली खर्च, नवीन स्वच्छतागृह बांधणं भांडवली. बांधायला पैसे पटकन मिळतात, चालवायला मिळत नाहीत, म्हणून आपल्याकडे कुलूप लावलेली स्वच्छतागृहं इतकी. सर्व्हेत या दोन गोष्टी एका प्रश्नात घातल्या तर उत्तर कुठल्याच पानावर बसत नाही.

कॅलेंडर

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. साधारण दिवाळीच्या आगेमागे खात्यांकडून पुढच्या वर्षाचे आकडे गोळा व्हायला लागतात, मग आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात, तिथून मुख्यसभा. पुण्यात नागरिकांच्या सूचनांचे फॉर्म बहुतेक वेळा ऑगस्ट-सप्टेंबरात घेतात. म्हणजे मागे मोजत आलात तर सर्व्हे जुलै-ऑगस्टमध्ये, आकडे गणपतीच्या आधी तयार, आणि गणपती झाले की भेटीगाठी. गणपतीत कुणी भेटत नाही, ना अधिकारी ना कार्यकर्ते ना आपण.

यात एक गोची आहे ती लक्षात ठेवा. जुलैत विचारलं तर लोक खड्डे आणि तुंबलेलं पाणीच सांगणार, एप्रिलमध्ये तेच लोक टँकर सांगतील. याला इलाज नाही, पण दोन गोष्टी करता येतात. पाण्याबद्दल विचारताना "मागच्या उन्हाळ्यात किती वेळा टँकर मागवला" असं वेगळं विचारा, आणि दरवर्षी सर्व्हे त्याच महिन्यात करा, नाहीतर यंदाचे आकडे गेल्या वर्षीशी ताडताच येणार नाहीत. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या बेतात असेल तर सरळ पुढे ढकला, त्या दिवसांत दारावर आलेला प्रत्येक माणूस कुठल्या तरी पक्षाचाच वाटतो.

प्रश्न

इथे जरा जास्त वेळ घालवतो कारण सर्व्हे इथेच बिघडतो.

"तुम्ही पाणीपुरवठ्याबाबत समाधानी आहात का?" हा प्रश्न दिसायला बरा, उत्तर मात्र फसवं. आपली माणसं परक्यासमोर तक्रार करत नाहीत, निदान पहिल्या मिनिटात तरी नाही. वस्तीतल्या एका दारात कॉलेजच्या पोराने हाच प्रश्न विचारला, काकू म्हणाल्या, "ठीके की, येतं पाणी." त्याने फॉर्मवर 'समाधानी'वर टिक केली. पुढचा प्रश्न होता, काल नळाला पाणी किती वाजता आलं? "काल? पहाटे साडेतीनला. पाऊण तास. त्यात शेजारच्यांनी मोटर लावली की आमच्याकडे थेंब नाही, मग पोरीला खाली पाठवते बादल्या घेऊन." तेच घर, तीच बाई, आणि दोन उत्तरं. बजेटला उपयोगी पडणारं उत्तर दुसरं, कारण त्यात वेळ आहे, दाब आहे, मोटरचा प्रश्न आहे, म्हणजे लाइनचं काम आहे की नुसती व्हॉल्व्हची वेळ बदलायची आहे हे इंजिनिअरला लगेच कळतं.

म्हणून आधी घडलेलं विचारा, मत नंतर. मागच्या सात दिवसांत कचरा किती दिवस उचलला गेला नाही? तुमच्या दारापासून बसस्टॉपपर्यंत चालताना रस्त्यावर उतरावं लागतं का? रात्री नऊनंतर गल्लीतले किती दिवे बंद असतात? हे विचारून झालं की मग पाच पायऱ्यांचं समाधान विचारा, अगदी नाराज ते अगदी समाधानी, आणि 'वापरत नाही' हा रकाना वेगळा ठेवा. सार्वजनिक स्वच्छतागृह कधी न वापरलेला माणूस 'ठीक' म्हणतो आणि त्याने सगळी सरासरी वर जाते.

'रस्ते आणि फुटपाथ कसे आहेत' असा जोडप्रश्न नको. 'रस्त्यांची दुरवस्था पाहता' अशी सुरुवातही नको, तो सर्व्हे नाही, निवेदन झालं. कचरा हा शब्दसुद्धा एकटा वापरू नका. पुण्यात बऱ्याच भागांत दारातून कचरा 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई नेतात, पुढे तो वाहून नेणारी गाडी वेगळी, रस्ता झाडणारे वेगळे, आणि कोपऱ्यावर रात्री गुपचूप टाकलेल्या पिशव्या हा तर वेगळाच विषय. लोकांचा राग असतो त्या कोपऱ्यावर, आणि 'कचरा: असमाधानी ६० टक्के' असा आकडा गेला की खापर फुटतं रोज इमानेइतबारे येणाऱ्या ताईंवर. चार वेगळे प्रश्न करा.

शेवटी प्राधान्याचा प्रश्न. दहा-बारा सेवांची यादी द्या आणि सांगा, पुढच्या वर्षी पैसे यातल्या तीनच गोष्टींवर खर्च करता येतील, कुठल्या तीन? सगळ्याला हो म्हणायची मुभा दिली तर लोक सगळ्यालाच हो म्हणतात. यादीत वरती असलेल्या गोष्टी जास्त निवडल्या जातात म्हणून फॉर्मच्या दोन छापील आवृत्त्या काढा, एकीत यादी सुलटी, एकीत उलटी.

एकूण पंधरा ते अठरा प्रश्न, दहा मिनिटांत संपले पाहिजेत. मराठी आणि हिंदी दोन्ही फॉर्म ठेवा, आणि मराठी म्हणजे बोलतो ती, 'मलनिस्सारण व्यवस्था' असं विचारलंत तर समोरचा तुमच्याकडेच बघत बसेल, ड्रेनेज म्हणा. नाव, मोबाइल, आधार, जात काहीही घेऊ नका. वय, बाई की पुरुष, घर मालकीचं की भाड्याचं, आणि कुठली गल्ली किंवा वस्ती, बास. वीस-पंचवीस घरांत आधी करून बघा, जिथे लोक दोनदा विचारतात "म्हणजे काय?" तो प्रश्न बदला.

कुणाला विचारायचं

चार सदस्यांच्या प्रभागात सत्तर-ऐंशी हजार लोक सहज असतात. सगळ्यांना विचारायची गरज नाही. नीट चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं निवडली तर ४०० जणांच्या उत्तरात चूक साधारण पाच टक्के इकडे किंवा तिकडे, १०० जणांत दहा टक्के, हजारात तीन. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात, म्हणून स्वयंसेवकांच्या जिवावर चाललेल्या कामात ४०० ते ५०० ला थांबणं शहाणपणाचं. मात्र त्या ४०० मधले १०० वस्तीतले असतील तर फक्त वस्तीचा आकडा काढताना चूक दहा टक्क्यांवर जाते हे विसरू नका, तिथे दोन-चार टक्क्यांच्या फरकावर भांडायचं नाही.

नीट निवडणं म्हणजे काय, तर प्रभागाचे आधी भाग पाडा, वस्ती, चाळी-वाडे, सोसायट्या, बंगले, आणि प्रत्येकात अंदाजे किती घरं आहेत त्या प्रमाणात फॉर्म वाटा. मग प्रत्येक भागात एका ठरलेल्या टोकापासून सुरू करून दर पंधरावं घर, विसावं घर, जे गणितात बसेल ते. मतदार यादीवरून घरं काढली तर भाडेकरू आणि बाहेरून आलेली पोरं गळतात, त्यामुळे मी प्रत्यक्ष दारं मोजणंच पसंत करतो, कटकटीचं असलं तरी. दार बंद असेल तर शेजारचं घर घेऊन मोकळं व्हायचं नाही, संध्याकाळी आणि रविवारी परत जायचं, दोनदा तरी. सकाळी अकराला घरी सापडणारी माणसं वेगळी आणि कामावरून रात्री आठला येणारी वेगळी. दारात आलेल्या माणसालाच न विचारता घरातल्या अठरा वर्षांवरच्यांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येतोय त्याला विचारा, नाहीतर सगळे फॉर्म घरातल्या कर्त्या पुरुषांचे होतात, आणि पाणी किती वाजता येतं हे त्यांना बहुतेक वेळा माहीत नसतं.

व्हॉट्सअॅपवरचा फॉर्म? जरूर फिरवा, लोकांना बरं वाटतं, मोकळ्या सूचना चांगल्या मिळतात. पण त्याचा हिशोब वेगळा ठेवा, घरोघरच्या आकड्यात मिसळू नका. तो भरणारे बहुतेक सोसायटीतले, निवृत्त आणि आधीच चिडलेले असतात. हजार फॉर्म आले तरी ते प्रभागाचं मत नाही.

फॉर्म भरायला कॉलेजातल्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजना) पोरं-पोरी उत्तम. शक्यतो एक मुलगा एक मुलगी अशी जोडी, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, जवळच्या पोलिस चौकीला आणि सोसायटीच्या चेअरमनना आधी पत्र. इच्छुक उमेदवाराने टी-शर्ट, चहा-वडापाव स्पॉन्सर करतो म्हटलं तर हात जोडा. दहातलं एक घर दुसऱ्याच कुणीतरी जाऊन तपासायचं, फॉर्म खरंच तिथे भरला का. झाडाखाली बसून भरलेले फॉर्म ओळखू येतात, सगळ्या टिका मधल्या रकान्यात.

आकडे लावणं

एक्सेल पुरे. अमेरिकेत बरीच शहरं हे दरवर्षी करतात, कॅन्सस सिटीसारखी तर वर्षानुवर्षं, आणि असे सर्व्हे करून देणाऱ्या तिथल्या ईटीसी इन्स्टिट्यूटची एक पद्धत आपल्याला जशीच्या तशी चालते. किती टक्के लोकांनी ती सेवा आपल्या पहिल्या तीनात घेतली, गुणिले किती टक्के लोक समाधानी नाहीत. समजा, कचरा ६० टक्क्यांनी निवडला पण ७० टक्के समाधानी आहेत, तर ०.६० गुणिले ०.३० म्हणजे ०.१८. फुटपाथ ४८ टक्क्यांनीच निवडला पण समाधानी फक्त २५ टक्के, तर ०.४८ गुणिले ०.७५ म्हणजे ०.३६. नुसती मतं मोजली असती तर कचरा वर आला असता, पण पैसे घालायची जागा फुटपाथ आहे. ०.२० च्या वर गेलेलं सगळ्यात तातडीचं धरतात. 'वापरत नाही' म्हणणाऱ्यांना समाधानाच्या हिशोबातून आधी बाहेर काढा, मगच गुणाकार.

या पद्धतीचा दोष सांगितला पाहिजे. जे थोड्या लोकांना लागतं पण ज्यांना लागतं त्यांचं त्यावाचून अडतं, ते इथे खाली जातं. वस्तीतलं स्वच्छतागृह, व्हीलचेअरचा रॅम्प, बाजारातल्या भाजीवाल्या बायकांसाठी मुतारी. म्हणून एकूण तक्त्याच्या शेजारी वस्तीचा तक्ता आणि बायकांचा तक्ता वेगळा छापायचाच, एका पानावर, कुणाला शोधावा लागू नये असा. आणि महापालिकेच्या अॅपवरच्या तक्रारींशी ताडून बघा, जिथे सर्व्हेत नाराजी भरपूर पण तक्रारी शून्य, तिथल्या लोकांना तक्रार करायची कुठे हेच माहीत नसतं.

ऑफिसात

चाळीस पानांचा रिपोर्ट कुणी वाचत नाही. प्रत्येक कामाला एक पान: नेमकी जागा, लांबी, दोन फोटो, सर्व्हेतला आकडा, कुठल्या खात्याचं, महसुली की भांडवली, बजेटच्या कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदरात, बसेल. शक्य असेल तर कनिष्ठ अभियंत्याला घेऊन जागेवर चक्कर मारा, त्यांनी अंदाजे एस्टिमेट काढून दिलं तर तुमचं पान एकदम वजनदार होतं. ही माणसं वाईट नसतात हो, त्यांनाही वरच्यांना दाखवायला काहीतरी हवंच असतं.

यादी तयार झाली की आधी बिनपैशाची कामं वेगळी काढा. घंटागाडीची वेळ, व्हॉल्व्ह उघडायची वेळ, झाडांच्या फांद्यांनी झाकलेले दिवे. ही मुकादम आणि जेईच्या (कनिष्ठ अभियंत्याच्या) पातळीवर आठवड्याभरात होतात, आणि ती झाली की लोकांचा सर्व्हेवर विश्वास बसतो. छोटी कामं नागरिकांच्या सूचनांच्या फॉर्ममधून घाला, पुण्यात तिथे कामाला सुमारे ५ लाखांची मर्यादा असते, यंदाची क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या. ५ लाखांवरचं असेल तर खात्याकडे आणि नगरसेवकांकडे. नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची 'स' यादी असते, त्यात बाकडी आणि नामफलक जातात ते कुणी दुसरं काही सुचवत नाही म्हणूनही. चारही सदस्यांना तोच कागद, त्याच दिवशी द्या, नाहीतर एकाने केलं म्हणून दुसरा अडवतो.

कायद्यात क्षेत्र सभेची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, २००९ पासून, प्रत्यक्षात ती फारशी कुठे भरत नाही, तरी पत्रात उल्लेख करायला हरकत नाही. आणि प्रत्येक पत्राच्या तुमच्या प्रतीवर आवक-शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

बजेट आल्यावर

पुन्हा पीडीएफ उतरवा, आपली कामं शोधा, सापडली तर पान नंबर लिहून ठेवा. तरतूद पडली म्हणजे काम झालं असं अजिबात नाही. वर्षाच्या मध्ये वर्गीकरण करून तोच पैसा भलतीकडे वळवतात, किंवा निविदाच निघत नाही आणि मार्च संपतो. सप्टेंबर आणि जानेवारीत विचारणा करा, निविदा निघाली का, वर्क ऑर्डर कुणाला, खर्च किती. तोंडी उत्तर मिळेना तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा, उत्तराला ३० दिवस. एका कामाला एक अर्ज, सगळं एकत्र घातलं की फेटाळायला कारण मिळतं.

लोकांना निकाल परत सांगायचा, तोही सोसायटीच्या नोटिसबोर्डावर आणि वस्तीत मंडळाच्या फळ्यावर, एका कागदात: तुम्ही हे सांगितलंत, हे झालं, हे तरतुदीत आहे, हे नाकारलं आणि का. नाकारलेलंही लिहा. पुढच्या जुलैत त्याच दारात परत जायचंय.

आणि जाल तेव्हा आठ-दहा मूळ प्रश्न शब्दही न बदलता तेच ठेवा, पायऱ्याही त्याच. नवीन विषय घालायचा तर शेवटी जोडा. भरलेले कागदी फॉर्म खोक्यात गल्लीवार लावून, एक्सेलची प्रत किमान दोघांकडे, कारण पोरं पास होऊन निघून जातात, ग्रुपचा अॅडमिन बदलतो, आणि नवीन सहायक आयुक्त पहिल्याच भेटीत विचारतात, गेल्या वर्षीचं काही आहे का तुमच्याकडे?